ग्रंथद्वारींची मुद्रा

वसई प्रांताच्या इतिहासाविषयीं कांहीं टिपणें जुळवीत असतां गेल्या पावसाळ्यांत आम्हांस एक लेख पाहण्याची गरज पडली. लेख पुण्यासच छापलेला, एका जुन्या नियतकालिकांतला. त्याचीं छायाचित्रें आतां परदेशांतील एका संग्रहानें आंतरजालावर ठेविलीं आहेत. तेथें गेलों तों प्रथम प्रश्न आला : आपण कोणत्या संस्थेचे? खालीं संस्थांची लांबलचक यादी होती. तींत सेवानिवृत्त शाळामास्तरास जागा नव्हती. त्याच सायंकाळीं डॉ. गर्सन दा कुन्हा यांचा चौल व वसई यांवरील १८७६ चा ग्रंथ मात्र दुसऱ्या एका संग्रहांतून, कोणी कांहीं न विचारतां, मिळाला. या भेदाची मीमांसा संग्राहकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हें टिपण लिहीत आहों.

या द्वारावर दोन निरनिराळ्या मुद्रा असतात, व त्यांचा घोटाळा नेहमीं होतो. पहिली मुद्रा संग्रहाची. संग्रहाच्या प्रमाणपत्रांत त्याचें नांव, मुदत व एक जाहीर किल्ली असते, आणि त्यावर प्रमाणक अधिकाऱ्याची सही असते. सहीची रीत अशी कीं, मजकुरावरून गणितानें ठराविक लांबीचा एक अंक काढून त्यावर गुप्त किल्लीचा संस्कार करतात; जाहीर किल्लीनें कोणासहि पडताळा पाहतां येतो. मजकुरांत एक काना वाढला तरी पडताळा चुकतो. जुने कागद हाताळणारांस यांत नवल वाटूं नये. पत्राच्या माथ्यावर शिक्का व अखेरीस मोर्तब असे; मोर्तबापुढें कोणीं मजकूर वाढवूं नये हा त्याचा हेतु. परंतु मोर्तब शेवट राखी, मधल्या ओळींतील खाडाखोड राखीत नसे. नवी सही प्रत्येक अक्षर राखते. या अंगानें ती श्रेष्ठ होय हें आम्ही निःसंकोच मान्य करतों. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यानें तिला कायद्याचें बळ दिलें आहे.

तथापि मुद्रा खरी म्हणून पत्र खरें, हा न्याय विशाखदत्तानें फार पूर्वींच खोडून काढला. मुद्राराक्षसांत अक्षर शकटदासाचें खरें, अंगठी राक्षसाची खरी, आणि पत्र तेवढें चाणक्याचें. २०११ सालीं हॉलंडांतील डिजिनोटार या प्रमाणक कंपनीची यंत्रणा परक्यांच्या हातीं जाऊन गूगलच्या नांवाचीं खोटीं प्रमाणपत्रें निघालीं, व त्याच वर्षीं कंपनीचें दिवाळें वाजलें. २०१४ च्या जुलईंत आपल्या राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या प्रमाणकाकडूनहि तशींच अनधिकृत प्रमाणपत्रें निघाल्याचें उघड होऊन तीं रद्द करावीं लागलीं. मुद्रा निर्दोष असली तरी कागद त्या संग्रहांतून आला, एवढेंच ती सांगते. तो अस्सल कीं बनावट, हें अक्षर, भाषा व कालगणना यांवरून आपणच ठरवावयाचें. बनावट महजर भक्कम कुलुपांतून निघाला म्हणून अस्सल होत नाहीं.

दुसरी मुद्रा वाचकाची, आणि आमचा आक्षेप तिजविषयीं आहे. संग्रह वाचकास ओळखीत नाहीं. तो त्यास त्याच्या संस्थेकडे धाडतो. संस्था नांव व सांकेतिक शब्द तपासून, ‘हा आमचा’ असा दाखला आपल्या सहीनिशीं परत देते. भारतांत ही व्यवस्था गांधीनगरचें इन्फ्लिबनेट हें केंद्र ‘इन्फेड’ या नांवानें चालवितें. ज्या आज्ञावलीवर अशा व्यवस्था चालतात तींतील एका प्रसिद्ध आज्ञावलीचें नांव ‘शिबोलेथ’. बायबलांत शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत यार्देनेच्या उतारावर पळपुट्यांस हा शब्द म्हणावयास लावीत. ‘सिबोलेथ’ म्हणाला कीं ठार. (तालव्य व दन्त्य यांचा घोटाळा करणारे आमचे निम्मे विद्यार्थी तेथें वांचते ना.)

२५ नोव्हेंबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांस ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० नियतकालिकें, आणि ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण व संशोधनसंस्था, असा तिचा विस्तार. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु यांत व्यासंग विचारला जात नाहीं, नांवनोंदणी विचारली जाते. चार पिढ्यांचें दप्तर घरीं सांभाळणारा संग्राहक बाहेर, आणि एकहि अंक न उघडणारा विद्यार्थी आंत.

वसईकरांस ही रीत ओळखीची वाटावी. १५३४ च्या तहानें बहादुरशहानें वसई पोर्तुगीझांस दिली, तेव्हां गुजराथेहून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनीं वसईहून निघावें व परततांना येथेंच जकात भरावी असें ठरलें. पोर्तुगीझांच्या अशा परवान्यास कार्ताझ म्हणत. समुद्र कांहीं त्यांनीं निर्माण केला नव्हता. अर्थात् तुलना पुरती जुळत नाहीं. संग्रहानें लेख जपला, छायाचित्रें घेतलीं, सूची केली. त्याचा खर्च कोणी तरी दिला पाहिजे हें आम्ही जाणतों.

दोष कुलुपाचाहि नाहीं. दाखल्यांत वाचकाचा प्रकार लिहिण्यासाठीं जी शब्दांची ठराविक यादी आहे, तींत अध्यापक, विद्यार्थी, कर्मचारी व माजी विद्यार्थी यांबरोबर ‘ग्रंथालयांत येऊन वाचणारा’ असाहि एक प्रकार आहे. कुलूप घडविणारांनीं आम्हांस जागा ठेविली होती. ती भरावयाची कीं नाहीं हें करारनामा लिहिणारांच्या हातीं. सध्यांच्या मंजुरीची मुदत २०२७ अखेर संपते. तत्पूर्वीं इतिहासमंडळांनीं आपल्या सभासदांस जामीन राहण्याची तयारी दाखवून, प्रत्येक जिल्ह्यांतील एका पात्र ग्रंथालयांत बाहेरील वाचकास एक खुर्ची तरी मिळावी, असा अर्ज करावा. पालघर जिल्ह्यापुरता मसुदा आम्हीं तयार केला आहे.

आमचा लेख अखेर पुण्याच्या एका स्नेह्यानें छापील अंकावरून स्वहस्तें उतरून टपालानें धाडला. त्यांत दोन ठिकाणीं सनांचें वाचन संशयित आहे. जुन्या नियतकालिकांचे अंक ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं आम्हांस कळवावें, म्हणजे पडताळा पाहतां येईल.