उणीव आणि ऱ्हास : पेशीशक्तिवर्धक पूरकांच्या युक्तिवादाची मीमांसा

वयोमानाबरोबर पेशीतील शक्तिनिर्मिती मंदावते. ज्या द्रव्यांवर ही निर्मिती अवलंबून असते त्यांचे प्रमाणही घटते. म्हणून ती द्रव्ये बाहेरून पुरविल्यास वार्धक्य निरामय होईल, असा एक युक्तिवाद गेल्या दोन दशकांत प्रबळ झाला आहे. पूरक गोळ्यांचा मोठा व्यापार त्यावर उभा आहे. त्यातील पहिली दोन विधाने सर्वस्वी निराधार नाहीत, आणि हेच त्याचे सामर्थ्य होय. म्हणूनच त्याची चिकित्सा विधानांच्या खरेखोटेपणापाशी न थांबविता त्यांना जोडणाऱ्या ‘म्हणून’ या शब्दापर्यंत नेणे अवश्य आहे.

या ‘म्हणून’ला प्रतिष्ठा लाभली ती एका जुन्या आणि खऱ्या विजयामुळे. पेलाग्रा या रोगात उन्हाचा स्पर्श होणारी त्वचा काळवंडते, अतिसार जडतो आणि अखेर बुद्धिभ्रंश होतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात तो मक्यावर जगणाऱ्या दरिद्री लोकांत बोकाळला होता. १९१४ साली जोसेफ गोल्डबर्गर याने त्याचा शोध हाती घेतला आणि हा रोग संसर्गजन्य नसून आहारजन्य आहे, असे दाखविले. १९३७ साली कॉनराड एल्व्हेजेम याने कुत्र्यांतील तत्सदृश व्याधी निकोटिनिक आम्लाने बरी केली आणि लवकरच माणसांतही त्याच उपायाला यश आले. दख्खनच्या पठारावर हा रोग मक्याऐवजी ज्वारीच्या संगतीने आढळला. हैदराबाद येथे सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याचा संबंध ज्वारीतील ल्यूसीन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी जोडला. या उपपत्तीविषयी पुढे मतभेद झाले. निकोटिनिक आम्लाने रोगी बरा होतो, याविषयी मात्र झाले नाहीत.

उणिवेचा युक्तिवाद येथे निर्दोष ठरतो, कारण त्याच्या तिन्ही अटी पूर्ण होतात. शरीराला एक विशिष्ट द्रव्य मिळत नाही. ते न मिळाल्याने विशिष्ट व्याधी जडते. आणि ते दिल्याने ती व्याधी नाहीशी होते. यांपैकी तिसरी अट निर्णायक होय. पहिल्या दोन अटींवरून केवळ अनुमान निघते. प्रत्यय तिसरीनेच येतो.

आता आधुनिक प्रतिपादन पाहावे. निकोटिनिक आम्लापासून शरीर जे सहविकर घडविते, ते एन.ए.डी. या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. १९०६ साली आर्थर हार्डेन व विल्यम यंग यांना यीस्टच्या रसात किण्वनास आवश्यक असा जो उष्णतेने न बिघडणारा घटक आढळला, त्याच्याच अभ्यासातून पुढे याची ओळख पटली. अन्नातून सुटणारे इलेक्ट्रॉन तंतुकणिकांपर्यंत पोचविणे हे त्याचे एक कार्य होय. याखेरीज सर्ट्युइन नामक विकरे आणि गुणसूत्रांची दुरुस्ती करणारी काही विकरेही ते खर्ची घालतात. २००४ साली पावेल बीगानोव्स्की व चार्ल्स ब्रेनर यांनी निकोटिनामाइड रायबोसाइडपासूनही एन.ए.डी. घडते, असे दाखविले. हे द्रव्य आणि त्याचे निकटचे आप्त निकोटिनामाइड मोनोन्यूक्लिओटाइड हीच आजच्या पूरकांतील प्रमुख द्रव्ये होत.

या विचाराचे सर्वांत गाजलेले प्रतिपादन डेव्हिड सिंक्लेअर यांच्या २०१९ सालच्या ‘लाइफस्पॅन’ या ग्रंथात आढळते. कोणत्या पेशीत कोणते जनुक जागे असावे याविषयीची माहिती हळूहळू नष्ट होणे हे वार्धक्याचे मूळ आहे, सर्ट्युइन ही त्या माहितीची राखणदार आहेत आणि त्यांना एन.ए.डी. लागते, असा ग्रंथाचा सिद्धान्त आहे. सिद्धान्त म्हणून त्याची धाडसी मांडणी अभिनंदनीय होय. तथापि यीस्ट आणि उंदीर यांच्यावरील प्रयोगांतून ग्रंथकार ज्या सहजतेने मनुष्याच्या दिनचर्येत येतो, ती सहजता शंकास्पद आहे. स्वतः ही द्रव्ये घेत असल्याचे तो सांगतो. वृद्ध पित्याचा उत्साह परतल्याचे वर्णन करतो. आणि हा शास्त्रीय पुरावा नव्हे, असेही बजावतो. परंतु वाचकाच्या स्मरणात राहतो तो पर्वतावर चढणारा पिता. त्यापुढील इशारा राहत नाही. पुरावा म्हणून नाकारलेले उदाहरण पुराव्याचेच कार्य करून जाते. ग्रंथाच्या रचनेतील हा दोष लहान नव्हे.

याहून मूलगामी आक्षेप ‘घट’ या शब्दाच्या अर्थाविषयी आहे. पेलाग्रात द्रव्याची आवकच तुटलेली असते. वार्धक्यात एन.ए.डी.चे प्रमाण घटते, असे जेथे आढळले आहे, तेथे आवक तुटल्याचे सिद्ध झालेले नाही. उलट सी.डी. ३८ नामक विकर वयाबरोबर वाढते आणि ते एन.ए.डी.चा नाश करते, असे २०१६ साली उंदरांवरील अभ्यासात दिसून आले. रांजण रिता आहे एवढ्यावरून विहीर आटली असे म्हणता येत नाही. तो गळत असू शकतो, आणि गळक्या रांजणात पाणी ओतणे ही दुरुस्ती नव्हे. पहिली स्थिती उणिवेची, दुसरी ऱ्हासाची. दोहोंत मापनाचा आकडा एकच येईल. उपाय मात्र एकच असेल असे नाही.

मानवावरील परीक्षणांनी हा आक्षेप पुष्कळ अंशी खरा ठरविला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात निरोगी प्रौढ व वृद्ध व्यक्तींना सहा आठवडे दररोज १००० मिलिग्रॅम निकोटिनामाइड रायबोसाइड देण्यात आले. रक्तपेशींतील एन.ए.डी. सुमारे ६० टक्क्यांनी वाढले, रक्तदाबाविषयी एक आशादायक संकेतही मिळाला. परंतु व्यायामक्षमतेत फरक पडला नाही. २०१९ साली बारा वृद्ध पुरुषांना तेच द्रव्य दररोज १ ग्रॅम याप्रमाणे २१ दिवस दिले असता ते स्नायूंपर्यंत पोचल्याचे दिसले आणि रक्तातील दाहाची काही लक्षणे उतरली. तंतुकणिकांची शक्तिनिर्मिती मात्र होती तेवढीच राहिली. २०२१ साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरील २५ स्त्रियांच्या परीक्षणात निकोटिनामाइड मोनोन्यूक्लिओटाइडमुळे स्नायूंची इन्शुलिन-संवेदनशीलता वाढली. हा खरा लाभ होय, पण स्नायूंच्या बळात वाढ झाली नाही. ही परीक्षणे लहान व अल्पकालीन आहेत, त्यामुळे त्यांच्यावरून अंतिम निषेध करणेही अनुचित ठरेल. परंतु रांजण भरला तरी तहान भागली नाही, एवढे त्यांतून स्पष्ट होते. अमेरिकेतील राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या परीक्षण-योजनेत निकोटिनामाइड रायबोसाइडने उंदरांचे आयुष्यही वाढले नाही, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

उणीव आणि ऱ्हास यांतील हा भेद कोएन्झाइम क्यू १० या द्रव्याच्या इतिहासात अधिक स्वच्छ दिसतो. फ्रेडरिक क्रेन याने १९५७ साली ते बैलाच्या हृदयातील तंतुकणिकांतून वेगळे केले. ज्या बालकांत हे द्रव्य घडविणारे जनुकच सदोष असते, त्यांपैकी काहींना ते दिल्याने खरोखर गुण येतो. कंपवाताच्या रोग्यांत तंतुकणिका दुर्बळ असतात म्हणून त्यांनाही ते द्यावे, असा विचार पुढे आला. परंतु ६०० रोग्यांवरील परीक्षणात त्याचा लाभ दिसला नाही, असे २०१४ साली जाहीर झाले. द्रव्य तेच, इंद्रियकही तेच. भेद होता तो उणीव आणि ऱ्हास यांत.

हा भेद केवळ तर्कशास्त्राचा नाही. अमेरिकेच्या १९९४ सालच्या कायद्यानुसार पूरक द्रव्य विक्रीस आणण्यापूर्वी त्याची परिणामकारकता सिद्ध करावी लागत नाही. ‘पेशीच्या शक्तीला आधार देते’ अशा रोगाचे नाव न घेणाऱ्या वाक्यांचा जन्म या सवलतीत आहे. जे वाक्य काहीच निश्चित सांगत नाही, ते खोटे ठरविता येत नाही. त्याची किंमत मोजतो तो वृद्ध ग्राहक.

आणि त्याच वेळी खऱ्या उणिवा दृष्टीआड होतात. पुणे येथील के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांपैकी ६७ टक्क्यांत ब-१२ जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी आढळले. हे जीवनसत्त्वही तंतुकणिकांतील एका विकराचे सहविकर आहे. त्याच्या अभावी पंडुरोग होतो, हातापायांना मुंग्या येतात, स्मृती मंदावते. पुष्कळ घरांत या साऱ्याला ‘वय झाले’ असे म्हटले जाते. येथे तपासणी उपलब्ध आहे, उपाय स्वस्त आहे, आणि वेळीच दिल्यास तिसरी अटही पूर्ण होते. ज्वारीच्या भाकरीवर जगणाऱ्या पेलाग्राच्या रोग्याला जे द्रव्य दिले गेले, ते त्याच्यापाशी नव्हते म्हणून दिले गेले. पेशीशक्तीच्या पूरकांची परीक्षाही याच एका प्रश्नाने व्हावयास हवी : ज्याला ते द्यावयाचे, त्याच्यापाशी ते नाही काय?