जुन्या वाद्यांचा बाजार आणि आमचा संगीतेतिहास

वाद्यांच्या इतिहासावर मराठींत जें लिखाण होतें, त्यांत बहुधा दोनच प्रकारच्या माणसांस मान मिळतो : वाद्याचा शोध लावणारा आणि तें उत्तम वाजविणारा. या दोघांच्या मध्यें जो मोठा वर्ग उभा असतो, म्हणजे वाद्य विकणारा, जुनें विकत घेणारा, भाता शिवणारा, सूर लावणारा, गाडीवर चढवून पुढच्या गांवीं नेणारा, त्याची दखल कोणी घेत नाहीं. ही उणीव केवळ अन्यायाची असती तर आम्हीं येथें तिचा विचार केला नसता. परंतु तिच्यामुळें प्रत्यक्ष कालनिर्णय चुकतो व गुणदोषांचें मापहि चुकतें. विषय पट्ट्या दाबून वाजविण्याच्या वाद्यांचा, म्हणजे पियानो, ऑर्गन व बाजाची पेटी यांचा आहे. आणि आमची दृष्टि भंडारा जिल्ह्यांतील लाखनीसारख्या ठिकाणावरून आहे, जेथें दिवाळीच्या सुमारास मंडया भरूं लागल्या कीं झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि रंगमंचापुढें ऑर्गनवाला आपली जागा धरतो. आरंभ मात्र दूर देशापासून करावा लागेल. कारण तिकडील इतिहास अर्धाच वाचल्यामुळें आमच्याकडील लेखकांची समजूत बिघडली आहे.

तारेवर हातोडीचा आघात करून वाजणारा पियानो बार्तोलोमिओ क्रिस्तोफोरी यानें इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं निर्माण केला, असें सर्वत्र सांगतात, व तें खरें आहे. परंतु तें आपणांस कळलें कशावरून? शिपिओने माफेई याचा क्रिस्तोफोरीवरील प्रसिद्ध लेख १७११ सालचा आहे. त्यापूर्वीं अकरा वर्षें, १७०० सालीं, मेदिची राजघराण्याच्या वाद्यांची एक यादी झाली होती. तींत हळू व मोठ्यानें वाजणाऱ्या या नव्या वाद्याचा पहिला निःसंशय उल्लेख सांपडतो. म्हणजे पियानोचा जन्म आपणांस कोठीवाल्याच्या कागदावरून ठाऊक आहे. क्रिस्तोफोरी १६८८ सालीं या घराण्याच्या नोकरींत आला तोहि शोधक म्हणून नव्हे. दरबारचीं वाद्यें सुरांत ठेवणें, मोडलेलीं दुरुस्त करणें, लागतील तेथें पोंचविणें, हें त्याच्या चाकरीचें काम होतें. नवीन वाद्य त्यानें त्याच चाकरींत घडविलें. त्याचे तीन पियानो आज शिल्लक आहेत : १७२० चा न्यूयॉर्क येथें, १७२२ चा रोम येथें व १७२६ चा लाइपझिग येथें. त्यांतील पहिल्याचा नादफलक १९३८ सालीं बदललेला आहे, हें त्याच्या आवाजावरून क्रिस्तोफोरीची परीक्षा करणारांनीं विसरूं नये.

पुढचा पुरावाहि असाच बाजारी कागदांचा आहे. जर्मनींतील सिल्बरमान याच्या पियानोंच्या विक्रींत योहान सेबास्तियन बाख यानें मध्यस्थी केली असें मानतात. त्यास आधार बाखची १७४९ सालची एक पावती आहे, व तींत ११५ थालर किंमत नमूद आहे. एवढा मोठा रचनाकार पियानोच्या सौद्याची पावती लिहितो, यांत कांहीं चरित्रकारांस कमीपणा वाटतो. आम्हांस तो वाटत नाहीं. उलट नवें वाद्य लोकांत कसें शिरतें हें त्या एका कागदावरून जितकें कळतें तितकें स्तुतिपर ग्रंथांवरून कळत नाहीं. इंग्लंडांत आलेल्या पहिल्या पियानोची हकीगत चार्लस बर्नी देतो ती तर या विषयाच्या गाभ्याचीच आहे. रोममधील एका इंग्रज साधूनें तो सॅम्युएल क्रिस्प याच्याकरितां केला होता, आणि क्रिस्पनें तो फल्क ग्रेव्हिल यास १०० गिनींस विकला. म्हणजे इंग्लंडांत पियानोच्या इतिहासास आरंभ होतो न होतो तोंच त्याची जुन्या मालाची विक्री सुरू झालेली आहे!

सर्वांत बोधप्रद कागद स्पेनचा आहे. राणी मारिया बार्बरा हिच्या मृत्यूनंतर १७५८ सालीं तिच्या वाद्यांची यादी झाली. तींत फ्लॉरेन्सचे पांच पियानो आहेत, परंतु त्यांपैकीं दोहोंची आंतली यंत्ररचना काढून टाकून त्यांचे हार्पसिकॉर्ड, म्हणजे तार छेडून वाजणारें जुन्या पद्धतीचें वाद्य, केलेले होते. प्रगतीच्या शिडीवर इतिहास रचणारांस ही नोंद अडचणीची आहे. नवें वाद्य हातीं आलें, तें वापरून पाहिलें आणि कारागिराकडून त्याचें पुन्हां जुनें करून घेतलें, असेंहि घडतें. यादी करणारानें तेवढी एक ओळ लिहिली नसती तर ही गोष्ट कोणत्याहि तर्कानें कोणास कळली नसती.

हिंदुस्थानांत हीं वाद्यें आलीं तीं कंपनीच्या जहाजांवरून. कप्तान व अधिकारी यांस खासगी व्यापाराची जी मुभा असे तींतून तीं येत, आणि मालक विलायतेस परतला किंवा येथेंच वारला कीं लिलावांत निघत. कलकत्त्याचीं इंग्रजी वृत्तपत्रें, १७८० च्या हिकीच्या पत्रापासून पुढचीं, त्या दृष्टीनें वाचण्यासारखीं आहेत. मुंबईचीं १७८९ पासूनचींहि. या देशाच्या हवेनें सरेस सुटे, फळ्या तडकत, तारा गंजत. म्हणून पुढें विलायती कारखानदार उष्ण देशांसाठीं जोडांवर पितळी पट्ट्या व स्क्रू मारलेले पियानो करूं लागले. परंतु तेंहि पुरे नसे, आणि येथें सूर लावणारा माणूस लागेच. मुंबईंत तें काम व शिकवणीचें काम बऱ्याच अंशीं गोंयकारांच्या हातीं गेलें, कारण गोव्यांतील चर्चच्या शाळांतून पाश्चात्य स्वरलेखन शिकण्याची सोय पूर्वींपासून होती. धोबीतलावावरील फुर्टाडो यांचें दुकान १८६५ चें आहे. मराठी राजदरबारापुरतें पाहावयाचें तर तंजावरच्या सरफोजीमहाराजांनीं (राज्यकाल १७९८ ते १८३२) पाश्चात्य वाद्यवृंद बाळगला होता. सरफोजींच्या विद्याव्यासंगावर लेख पुष्कळ झाले आहेत. त्यांच्या वादकांच्या पगारांकडे व वाद्यांच्या खरेदीकडे मोडी दफ्तराच्या वाचकांनीं तितकेंच लक्ष द्यावें, असें आम्हांस वाटतें.

आतां पेटीकडे वळूं. हातपेटीचा शोध कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं लावला, असें एक वाक्य आमच्याकडे एका लेखांतून दुसऱ्या लेखांत उतरत आलें आहे. सालाच्या बाबतींत मात्र कोणी १८७५ देतो, कोणी १८८४. १८७५ हें त्यांच्या द्वारकिन या दुकानाच्या स्थापनेचें साल म्हणून सांगितलें जातें. दुकानाचें साल वाद्यास चिकटविण्याचा हा प्रकार उघड दिसतो. पण याहून महत्त्वाचा मुद्दा निराळा आहे. सौरींद्रमोहन ठाकुर यांचें ‘हार्मोनियम-सूत्र’ १८७४ सालीं प्रसिद्ध झालें. शिकविण्याचें पुस्तक छापावें इतके शिकणारे असल्यावांचून असें पुस्तक निघत नाहीं, आणि शिकणारे असले म्हणजे त्यांच्या घरीं वाद्यें असलींच पाहिजेत. पॅरिसमध्यें अलेक्झांडर दबँ यानें १८४० नंतरच्या पहिल्या दोन वर्षांत हार्मोनियम या नांवाखालीं आपलें वाद्य पुढें आणलें. तेव्हांपासून १८७४ पर्यंतचा काळ आमच्या लेखकांनीं मोकळाच सोडला आहे. तो भरून निघेल तो आयातीच्या, लिलावाच्या व दुरुस्तीच्या कागदांनीं.

घोषबाबूंची योग्यता यामुळें कमी होते असें नाहीं. पायानें चालविण्याचा भाता काढून मागें हातभाता बसविणें, पेटी ठेंगणी करणें, बैठकीवर बसणाऱ्यास ती सोयीची करणें व तिची किंमत उतरविणें, हें थोर काम आहे. पण तें काम गिऱ्हाइकाची नड ओळखणाऱ्या दुकानदाराचें आहे, आणि त्यास त्याच नांवानें मान द्यावा.

पेटीवरील वाद मराठींत खूप झाला. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला व क्लेमेंट्स यांच्या सहकार्यानें श्रुतींची हार्मोनियम करविली. पुढें १९४० सालीं आकाशवाणीनें पेटीस दार बंद केलें तें १९७१ पर्यंत उघडलें नाहीं. या सर्व चर्चेंत श्रुति आहेत, मींड आहे, राष्ट्रीय अभिमान आहे. या बंदीनें किती पेटीवाल्यांची साथीची मिळकत गेली, हा प्रश्न मात्र तींत जवळजवळ नाहींच. शास्त्राच्या बाजूनें देवलांचा आक्षेप आम्हांस मान्य आहे. ठरीव बारा स्वरांत आमचे राग पुरतेपणीं मावत नाहींत. तथापि ज्यानें कधीं पेटी उघडी पाहिली आहे त्यास ठाऊक असतें कीं तो सूर ठरीव असला तरी अढळ नाहीं. पितळी जिव्हेचें टोंक किंचित् खरवडलें कीं सूर चढतो, मुळाशीं खरवडलें कीं उतरतो. गवयाच्या कानास पटेल तेथें सूर आणून ठेवणें हें दुरुस्ती करणाराच्या हातांत होतें, आणि तें तो ग्रंथाची वाट न पाहतां करीत आला.

लाखनीच्या बाजूची गोष्ट येथें येते. भंडारा व साकोली यांच्या मध्यें हमरस्त्यावर वसलेलें हें गांव. साकोलीहून लाखांदुरावरून वडशास गेलें म्हणजे झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांचें माहेर लागतें. या रंगभूमीविषयीं पुण्या-मुंबईकडील लेखकांचा एक ठराविक अभिप्राय आहे : संगीत नाटकाचें हें उरलेंसुरलें अनुकरण, तिकडे टाकून दिलेल्या वस्तूंवर चाललेलें. या अभिप्रायावर आमचा मुख्य आक्षेप आहे. १८८० च्या ‘शाकुंतला’पासून चढत गेलेलें संगीत नाटक १९११ च्या ‘मानापमाना’पर्यंत आलें, त्या नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे मुळांत पेटीवालेच, १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी निघाली व तिच्या साथींत ऑर्गन मानानें वाजला. पुढें बोलपट आला. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटांत टेंबे स्वतः नायक होते. एकामागून एक मंडळ्या मोडल्या. मंडळी मोडली कीं पडदे, पोषाख व वाद्यें विकावयास निघतात, हें सांगावयास नकोच. तिकडे ऑर्गन दिवाणखान्यांत गेला किंवा अडगळींत गेला. झाडीपट्टींत तो कामावर राहिला.

कामावर राहणें म्हणजे काय, याचा विचार टीकाकारांनीं करावा. नाटक रात्रीं सुरू होतें व पहांटेपर्यंत चालतें. वर कापडी मंडप, बाजूला बांध्या, अंगावर पडणारें दंव. दुसऱ्या दिवशीं तेंच वाद्य गाडींत घालून दुसऱ्या गांवीं. पट्ट्या फुगून अडकतात, भात्याचें कापड सांध्यांत फाटतें, जिव्हेखालीं धूळ बसून सूर मुका होतो. हातपेटीऐवजीं ऑर्गन ठेवण्याचें कारणहि व्यवहाराचें आहे : भाता पायानें चालतो म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात, आणि खर्जाचा भरणा असल्यामुळें एकटें वाद्य नटाचें गाणें तोलून धरतें. परदेशी कारखान्यांनीं हे पायाचे ऑर्गन करणें गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक बंद केलें. अमेरिकेंतील एस्टे हा प्रचंड कारखानाहि १९६० च्या सुमारास मिटला. तेव्हांपासून जो विलायती ऑर्गन येथें वाजतो तो जुनाच असणार, आणि त्याचा प्रत्येक नवा हंगाम हा कोण्या तरी सुताराचा, शिंप्याचा व सूर लावणाराचा असणार. ज्या जिल्ह्याची जुनी ख्याति पितळी भांड्यांची, तेथें पितळेच्या बोटभर जिव्हेसाठीं दूरवर मागणी पाठवावी लागे, ही त्यांतली एक गंमत. जुनें वाद्य विकत घेणें म्हणजे अनुकरण, असें मानणारांनीं ग्रेव्हिलच्या १०० गिनी आठवाव्या.

ऑर्गनवाल्याच्या नोकरीचाहि असाच विचार व्हावयास पाहिजे. हंगाम दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. बाकीच्या महिन्यांत तोच मनुष्य शेतीवर, लग्नाच्या वाजंत्रींत किंवा भजनांत दिसतो. डॉ. परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली तेव्हां या रंगभूमीच्या नटांकडे देशाचें लक्ष गेलें, हें योग्यच झालें. साथीदारांच्या बिदागीच्या वह्या मात्र मंडळ्यांच्या ट्रंकांत आहेत, आणि मंडळी बंद पडली कीं वही रद्दींत जाते.

आज ऑर्गनच्या जागीं विजेवर वाजणारी पट्टी येऊन बसली आहे. ती हलकी आहे, दंवाला भीत नाहीं, आणि तिचा सूर लावावा लागत नाहीं. मंडळीच्या चालकानें ती घेतली तर त्यास दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु त्यामुळें जुन्या ऑर्गनांस एक नवीनच किंमत आली आहे. जुन्या विलायती वाद्यांतील सुरांस पेटीवाल्यांत मोठा मान आहे. पॅरिसच्या कॅसरिएलचे किंवा जर्मनीच्या जुबिलेटचे सूर काढून नव्या पेटींत बसवितात, व तशा पेटीस चांगला दर येतो. धंदा म्हणून हें सरळ आहे. इतिहासाच्या दृष्टीनें मात्र वाद्य एकदां असें सोललें म्हणजे त्याची फळी, त्यावरील विक्रेत्याची चकती, आंतला कारखान्याचा क्रमांक आणि दुरुस्ती करणारानें पेन्सिलीनें टाकलेली तारीख, हीं सर्व सरपणांत जातात. राजापूर तालुक्यांत आडिवरे येथें पायाचे ऑर्गन पुन्हां नव्यानें घडविले जाऊं लागले आहेत ही आनंदाची वार्ता आहे. पण नव्या ऑर्गनामुळें जुन्याच्या आंतील लेख वाचले जात नाहींत.

म्हणून लाखनी, साकोली, लाखांदूर व वडसा या पट्ट्यांत ज्यांच्याकडे असें वाद्य असेल त्यांनीं तें विकण्याआधीं मागची फळी उघडून आंतील अक्षरें उतरून घ्यावीं, अशी आमची सूचना आहे. क्रमांक व कारखान्याचें नांव यांवरून वाद्याचा सुमारें काळ ठरतो. विक्रेत्याच्या चकतीवरून तें मुंबईहून आलें कीं बंगाल-नागपूर रेल्वेनें कलकत्त्याहून, हें कळतें. १८९१ नंतर नागपूरचा दोन्हीकडे लोहमार्ग होता, त्यामुळें दोन्ही वाटा खऱ्या असूं शकतात. पेन्सिलीच्या तारखा मात्र एकीखालीं एक असतील तशाच क्रमानें लिहाव्या, आणि अक्षर लागलें नाहीं तरी तेथें जागा सोडावी.