साम्य-फरकाचा तक्ता : रोहित आणि सोनेरी भेक

'साम्य व फरक लिहा' हा आपल्या प्रश्नपत्रिकांतला जुना प्रश्न. पक्ष्याला पिसे, भेकाला उघडी त्वचा. एक उष्ण रक्ताचा, दुसरा थंड रक्ताचा. उत्तर दोन रकान्यांत नीट मावते. त्यात चूक काहीच नाही. पण ते लिहिताना विद्यार्थ्याला विचार करावा लागत नाही, हा आमचा आक्षेप आहे. जोडीला 'भडक रंग म्हणजे शत्रूला इशारा' हा नियमही सरसकट सांगितला जातो. दोन प्राणी घेऊन हे सारे पारखून पाहू.

उजनीच्या उथळ पाण्यात चालत अन्न गाळून खाणारा रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, विषारी नाही. त्याचे पिल्लू राखाडी असते. गुलाबी रंग येतो तो शेवाळ आणि बारीक जलचरांतील कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे. आहारातून ती वगळली, तर नवी पिसे फिकी येतात. म्हणजे इथे रंग अन्नाची हकिगत सांगतो.

सोनेरी भेक फक्त कोस्टा रिकातील मॉन्टेव्हर्डेच्या मेघारण्यात राहत असे. त्याचे शास्त्रीय वर्णन १९६६ साली झाले. नर झगझगीत नारिंगी, तर मादी काळपट, अंगावर पिवळ्या कडांचे लाल ठिपके. नर-मादीत एवढा फरक का, याचे उत्तर इशाऱ्याच्या नियमात सापडत नाही; विणीच्या हंगामाचा विचार करावाच लागतो.

आता तक्त्यातली 'उघडी त्वचा' पुन्हा पाहा. भेक त्वचेतून पाणी शोषतो, काही प्रमाणात श्वासही घेतो. अंडी घालायला त्याला लहान डबकी लागत. १९८७ साली विणीला जमलेले दीड हजारांहून अधिक भेक मोजले गेले. १९८९ मध्ये एकच नर दिसला, त्यानंतर एकही नाही. २००४ साली ही जाती नामशेष ठरली. एल निनोच्या काळातील कोरडे हवामान आणि त्वचेवर वाढणारी कायट्रिड बुरशी, या दोन कारणांची चर्चा शास्त्रज्ञ करतात. पाणी आटले की रोहित उडून दुसरा जलाशय गाठतो. एकाच डोंगरावरच्या भेकाला तशी सोय नव्हती.

म्हणून आम्ही सुचवतो : तक्ता जरूर करून घ्यावा, पण त्याखाली एक प्रश्न द्यावा. 'यंदा पाऊस लांबला, तर यांतील प्रत्येक फरकाचा कोणाला काय उपयोग किंवा तोटा होईल?' याचे उत्तर पाठ करून देता येणार नाही.