चूल अंगणात, पिंप तळघरात

ऑक्टोबरमधल्या शनिवारी सकाळी मिलवॉकीच्या एखाद्या वस्तीत पाय मोकळे करायला निघालं, की मध्येच भिजल्या धान्याचा गोडसर वास येतो. गराजचं दार उघडं असतं, प्रोपेनच्या बर्नरवर स्टीलचं भलंमोठं पातेलं रटरटत असतं आणि दोन-तीन मित्र कोट घालून त्याभोवती उभे असतात. बिअर शिजत असते. आपली मंडळं इथे गणपती आणि नाटकं जपतात, तशी शेजारच्या घरानं ही कला जपली आहे. मंडळाच्या स्मरणिकेत तिची मनापासून दखल घ्यायलाच हवी.

मिलवॉकीला ही कला जर्मन स्थलांतरितांनी आणली. जेकब बेस्ट यांनी १८४४ मध्ये इथे ब्रुअरी काढली, तीच पुढे पॅब्स्ट झाली. १८५५ मध्ये फ्रेडरिक मिलर आले. या जर्मनांसोबत ऋतूंचा एक हिशोबही आला. बव्हेरियात १५५३ च्या फर्मानानं २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायला बंदी होती, कारण उन्हाळ्यात ती हमखास बिघडे. मग मार्चमध्ये जरा कडक बिअर बनवायची, गार गुहेत साठवायची आणि उन्हाळाभर पुरवायची. मार्झेन हा प्रकार तिथूनच आला. मिलवॉकीत टेकड्यांच्या पोटात गुहा होत्या आणि हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यातून कापून आणलेला बर्फ होता. लागर, म्हणजे गारव्यात आंबणारी बिअर, बनवणाऱ्याला आणखी काय हवं?

अमेरिकेतली दारूबंदी १९३३ मध्ये उठली, पण घरी बिअर बनवणं बेकायदाच राहिलं. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये ती बंदी उठवणाऱ्या कायद्यावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, बिअर बनवायची मोकळीक मिळाली. कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये बिअरचे वर्ग घेणारे शिक्षक चार्ली पपाझियन यांनी १९७८ मध्येच अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन काढली. पुढे १९८४ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकानं कितीतरी जणांच्या हाती झारा दिला.

चूल अंगणात का, हे एकदा घरात उकळून पाहिलं की कळतं. साधारण १९ लिटरच्या घाण्याला तास-दीड तास झाकण न ठेवता खळखळून उकळी लागते. झाकलं तर माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून, निघणारी गंधकयुक्त वाफ परत पातेल्यात पडते आणि बिअरला उकडलेल्या मक्याचा वास लागतो. उघडं ठेवलं तर तीन-चार लिटर पाणी स्वयंपाकघराच्या छतावर आणि कपाटांवर जाऊन बसतं. घरच्या शेगडीवर एवढं पाणी उकळीला यायलाही फार वेळ लागतो. प्रोपेनचा बर्नर ते चटकन करतो, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो बंद खोलीत कधीही पेटवू नये. बंद गराजमध्येसुद्धा नाही.

थंडीत बाहेरची ही चूल माणसाची परीक्षा घेते. वाऱ्यानं ज्योत फरफटते, आडोसा लावावा लागतो. नळी गोठते, म्हणून पाणी तळघरातल्या नळावरून घ्यायचं आणि काम झाल्यावर तांब्याच्या वेटोळ्यातला थेंबन्‌थेंब झाडून काढायचा. याच वेटोळ्यातून गार पाणी फिरवून उकळता वॉर्ट, म्हणजे अजून न आंबलेला माल्टचा रस, निववतात. नवखे पातेलं सरळ बर्फात ठेवतात. भोवतालचा बर्फ वितळून पोकळी होते आणि त्या पोकळीतली हवा उष्णता अडवून धरते. वेटोळं मात्र जानेवारीत झपाट्यानं काम करतं, कारण नळाचं पाणीच हाडं गोठवणारं असतं. जुलैत तेच पाणी कोमट येतं, मग नळीच्या वाटेत बर्फाची बादली ठेवावी लागते.

यीस्ट पडलं की बिअर घरात जाते. खरं कसब इथे दिसतं. एल या उबेत आंबणाऱ्या बिअरच्या यीस्टला १८ ते २२ अंश सेल्सिअस मानवतं, लागरच्या यीस्टला ८ ते १३. शिवाय आंबताना यीस्ट स्वतःच ऊब सोडतं, त्यामुळे पिंपातलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंश वर असतं. इथला जाणता माणूस भिंतीवरच्या आकड्यावर विसंबत नाही, पिंपाला चिकटवलेली पट्टी वाचतो. विस्कॉन्सिनच्या तळघराचा गार कोपरा हिवाळ्यात लागर सांभाळतो. उन्हाळ्यात पिंप पाण्याच्या टबात ठेवून त्यावर ओला टी-शर्ट चढवतात आणि पंखा सोडतात. आपल्या माठाचीच ही युक्ती. मात्र सरोवराकाठची हवा दमट झाली, की या युक्तीचा जोर ओसरतो. ज्यांना जमतं ते जुन्या फ्रीझरला तापमान नियंत्रक जोडतात. एक पथ्य बारमाही आहे: तयार बिअरला ऊन लागू द्यायचं नाही. हॉप्समधल्या कडू घटकांवर प्रकाश पडला, की स्कंकसारखा दर्प येतो. तपकिरी बाटल्या त्यासाठीच.

गेल्या काही वर्षांत उन्हाळ्यावर आणखी एक तोड सापडली आहे, आणि तीही जुन्या घरांनीच जपलेली. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकरी कुटुंबांनी क्वाइक नावाचं यीस्ट लाकडी कड्यांवर आणि कापडावर वाळवून पिढ्यान्‌पिढ्या राखलं. लार्स मारियुस गार्शोल यांनी गावोगाव फिरून त्याची माहिती जगासमोर मांडली. हे यीस्ट ३० ते ४० अंशांत खुशाल काम करतं आणि तरीही बिअरला नकोशी चव येत नाही. नॉर्वेतल्या वॉसचं क्वाइक आता अमेरिकेत पाकिटात मिळतं. ऐन जुलैत तापलेल्या गराजमध्येही ते तीन-चार दिवसांत बिअर आंबवून देतं, मग फ्रीझर लागरसाठी मोकळा राहतो.