तिसऱ्या खुर्चीवर कोण?

सरकार, मालक आणि मजूर एका टेबलाशी बसले की निम्मा न्याय झाला, असे आपण मानतो. ऑगस्ट १९४२ मध्ये मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेब दिल्लीच्या त्रिपक्षीय कामगार परिषदेचे अध्यक्ष होते. ही परंपरा आपली आहे, म्हणूनच तिची चिकित्सा आपण करायची.

दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणी पाहा. लेसोथो आणि मोझांबिकमधले काळे मजूर पिढ्यान्‌पिढ्या सीमा ओलांडून तिथे गेले, सिलिकाची धूळ छातीत भरून गावी परतले आणि खोकत मेले. त्या प्रदेशातल्या देशांचा विकास समुदाय १९९२ साली उभा राहिला. त्याच्या श्रमविषयक बैठकांना तिन्ही पक्ष असतात, ठराव होतात. पण २०१४ चा रोजगार व श्रम करार पुरेशा देशांच्या मंजुरीअभावी अमलात आलाच नाही. आजाऱ्यांना भरपाईची वाट दाखवली ती कोर्टातल्या लढाईने. २०१८ मध्ये सहा खाणकंपन्या तडजोडीला आल्या, २०१९ मध्ये कोर्टाने ती मान्य केली. (तोवर किती जण मातीत गेले!)

संवाद नको, असे मी म्हणत नाही. पण तिसऱ्या खुर्चीवर पगारी, वर्गणी भरणारा, धडधाकट कामगारच बसतो. आपला ऊसतोड मजूर बीडहून कर्नाटकात जातो, तेव्हा त्याच्यासाठी कोण बसते?