‘द ब्लूएस्ट आय’ : वर्गातील वर्णभेद

टोनी मॉरिसन यांची ‘द ब्लूएस्ट आय’ (१९७०) ही कादंबरी बहुधा पेकोला या कृष्णवर्णीय मुलीवरील पित्याच्या अत्याचाराची शोकांतिका म्हणून अभ्यासली जाते. प्रस्तुत टिपणात तीमधील शाळेचा विचार केला आहे.

कादंबरीचा आरंभ प्राथमिक वाचनपाठाने होतो. सुखी, नीटनेटक्या कुटुंबाचा हा पाठ लेखिका तीनदा देतात : प्रथम जसाच्या तसा, नंतर विरामचिन्हांवाचून, शेवटी शब्दांमधील अंतरही पुसून. ज्या मुलीला त्या पाठात स्थानच नाही, तिच्यासाठी तो निरर्थक अक्षरांचा ढीग ठरतो.

वर्गात दोघांच्या बाकावर पेकोला एकटीच बसते. शिक्षक तिच्याकडे पाहणे टाळतात. आवारात तिला रंगावरून चिडवणारी मुले स्वतःही कृष्णवर्णीयच आहेत. पूर्वग्रह कोणी मुद्दाम शिकवत नाही. तो पाठ्यपुस्तकातून आणि शिक्षकाच्या टाळलेल्या नजरेतून मुरत जातो.

पित्याचा अपराध वाचकाला हादरवतो. शाळेचा अपराध मात्र ध्यानातून निसटतो, कारण तिथे कोणताही नियम मोडलेला नसतो. अध्यापकांनी ही कादंबरी पुन्हा वाचावी ती याचसाठी.