निर्गुडीचा अर्क आणि ‘वेदनाशामक’ हा शब्द

कोलाडसारख्या कोकणातील गावी निर्गुडी, अर्थात निगडी, अपरिचित नाही. सुजलेल्या गुडघ्यावर तिचा पाला गरम करून बांधावयाचा, हा उपचार महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. या पानांच्या अल्कोहोलातील अर्कावर गुप्ता आणि टंडन यांनी केलेले प्रयोग ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिऑलॉजी अँड फार्माकॉलॉजी’ या नियतकालिकात 2005 साली प्रसिद्ध झाले. निबंध नेटका आहे. अशा निष्कर्षांस मराठीत जो ‘वेदनाशामक’ हा शब्द सर्रास जोडला जातो, तो मात्र तपासून घ्यावयास हवा.

एका प्रयोगात मोठ्या उंदराच्या शेपटीस उष्णता देऊन ती बाजूस घेण्यास लागणारा वेळ मोजला. ही रीत डॅमूर आणि स्मिथ यांनी 1941 मध्ये मांडली होती. दुसऱ्यात छोट्या उंदरांच्या पोटात असेटिक आम्ल टोचून अंगास पडणारे पीळ मोजले. (‘उंदीर’ हा एकच शब्द मराठीस दोन्ही जातींसाठी पुरतो, प्रयोगशाळेस पुरत नाही.) अर्काने वेळ वाढला, पीळ घटले. तुलनेस पेथिडीन व अ‍ॅस्पिरिन होते. नॅलोक्झोनने पेथिडीनचा परिणाम ओसरला, अर्काचा ओसरला नाही. तेव्हा अर्काचा मार्ग अफूवर्गीय औषधांचा नसावा, हा तर्क पटण्याजोगा आहे.

परंतु ‘वेदना’ हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे. जाणणारा नसेल तर वेदना कोणाची? मेंदूशी मज्जारज्जूचा संबंध तोडलेल्या उंदराचीही शेपटी उष्णतेने हलते. म्हणजे घड्याळाने मोजली ती प्रतिक्रिया. इंग्रजीत याकरिता ‘अ‍ॅनाल्जेसिया’ आणि ‘अँटिनोसिसेप्शन’ असे दोन शब्द आहेत. मराठीत दोहोंवर ‘वेदनाशमन’ हेच पांघरूण पडते. येथून मूक प्राण्यास वेदनाच नाही असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1979 च्या व्याख्येत शब्दांतील वर्णनास स्थान दिले होते. 2020 मध्ये तो भाग गाळून, बोलता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे, असे तिने स्पष्ट केले. म्हणून नवा जडजंबाल शब्द घडविण्यापेक्षा ‘शेपटीची प्रतिक्रिया लांबली’ असे साधे लिहावे, हेच बरे.

आणखी एक अंतर राहते. उंदरांस अर्क तोंडावाटे दिला. गावात पाला बाहेरून, तोही गरम, बांधतात. शेकाचा गुण कोणता आणि पानाचा कोणता, हे या प्रयोगावरून ठरत नाही. शिवाय गुडघा धरून बसलेली म्हातारी ठणका, कळ, चमक आणि आग यांत भेद करते. पाल्याने ठणका बसतो की कळ, हे तिलाच विचारावे लागेल, आणि त्या प्रश्नावलीत ‘वेदना’ हा शब्द आला नाही तरी चालेल.